कैरोच्या वरातीतलं संगीत आणि २०११ची क्रांती

नाशिकच्या एका तरुणाचा प्रश्न आला आहे. ते इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेत आणि रात्री लॅपटॉपवर ट्रॅक बनवतात. प्रश्न थोडक्यात असा: राजकीय उलथापालथ झाली की नवं पर्यायी आणि इलेक्ट्रॉनिक संगीत उगवतं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. दाखला म्हणून इजिप्तची २०११ची क्रांती आणि तिथलं 'महरगानात' हे संगीत हमखास देतात. मी ती गाणी ऐकली, अर्थ शोधून वाचले, तर क्रांती कुठेच दिसेना. मोबाइलचा बॅलन्स, दगा देणारा मित्र, शेजारची मुलगी, एवढंच. मग याला क्रांतीचं संगीत कशावरून म्हणायचं? आणि दुसरं, मी एका मोर्च्यात घोषणा रेकॉर्ड केल्या आहेत, त्या माझ्या ट्रॅकमध्ये वापरू का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी सरळ देतो. क्रांतीनं ते संगीत घडवलं नाही. ते क्रांतीच्या चार-पाच वर्षं आधीपासून कैरोच्या कडेच्या वस्त्यांमधल्या लग्नांत घडत होतं. २०११मध्ये त्याच्यावरचं झाकण निघालं. त्याचं राजकारण शब्दांत फारसं नाहीच, म्हणून तुम्हाला ते शब्दांत सापडलं नाही. ते कुठे आहे हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी वीस वर्षं आवाजाच्या धंद्यात आहे. सुरुवात पिंपरीतल्या हळदीच्या डीजेपासून झाली, आता ध्वनिमिश्रण करतो आणि स्वतःचं इलेक्ट्रॉनिक संगीतही करतो. २०१४च्या हिवाळ्यात एका कार्यक्रमाची साउंड सिस्टीम लावायला दहा दिवस कैरोला होतो. तिसऱ्या दिवशी तिथल्या कामगारांबरोबर त्यांच्या वस्तीत जेवायला गेलो, तर अरुंद गल्लीत समोरून एक काळी रिक्षा आली. पुढे 'बजाज' लिहिलेलं, मागच्या सीटच्या पाठीशी दोन स्पीकर, आणि आवाज इतका चढवलेला की रिक्षाचा पत्रा तालावर थरथरत होता. इजिप्तमधल्या टुकटुक बहुतेक बजाजच्या, आणि बजाजच्या तीनचाकी वाळूजच्या कारखान्यात बनतात. माझे मामा वाळूजला नोकरीला होते. त्यामुळे ती गाडी बघून मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. पण खरा धक्का आवाजाचा होता. ती बीट कुठल्या सॉफ्टवेअरवर बनली आहे हे मला पहिल्या चार ठोक्यांत कळलं. पिंपरीत मित्राच्या कॉम्प्युटरवर क्रॅक केलेल्या फ्रूटी लूप्समध्ये आम्ही हळदीची गाणी मारायचो, तोच फुगलेला बेस, झांजेचे तेच कोरडे ठोके.

आधी नावाबद्दल एक खुलासा, कारण मराठीत घोटाळा होतो. 'महरगानात' मधला 'आत' हा आपला प्रत्यय नाही. महरगान म्हणजे उत्सव किंवा महोत्सव, आणि महरगानात हे त्याचं अरबी अनेकवचन. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याला 'इलेक्ट्रो शाबी' असंही नाव दिलं. शाबी म्हणजे मूळ अरबीत शअबी, जनसामान्यांचं. कैरोतल्या शअबी गाण्याचे मोठे गायक अहमद अदविया. १९७०च्या दशकात सरकारी रेडिओनं त्यांना दूर ठेवलं, आणि तरीही त्यांच्या कॅसेट लाखोंनी खपल्या. रेडिओ नको म्हणतो आणि कॅसेट गावभर वाजते, ही गोष्ट तिथे जुनी आहे. त्याच काळात अंध गायक शेख इमाम आणि कवी अहमद फुआद नज्म यांची उघड राजकीय गाणीही अशाच हातोहात फिरणाऱ्या कॅसेटवरून पसरली. दोघांनाही तुरुंग घडला.

महरगानातचा जन्म झाला तो २००५ नंतरच्या काळात, सलाम सिटी, मतरिया, ऐन शम्स अशा वस्त्यांत. सलाम सिटी हे कैरोच्या ईशान्य टोकाला सरकारनं वसवलेलं घरकुलांचं गाव. १९९२च्या ऑक्टोबरमध्ये भूकंप झाला, त्यात घरं गेलेल्या अनेक कुटुंबांना तिकडे हलवलं. एकसारख्या इमारती, शहराच्या मध्यापासून लांब, काम कमी. डीजे फिगो, सादात, अला फिफ्टी हे तिथले. मतरियाचे ओका आणि ऑर्टेगा. संगीताचं शिक्षण कुणाचंच नाही. लग्नात साउंड लावणं हा धंदा.

आता त्या लग्नाकडे नीट बघा, कारण सगळं तिथेच आहे. कैरोतल्या गरीब वस्तीचं लग्न रस्त्यातच होतं. गल्ली अडवायची, कनाती आणि दिव्यांच्या माळा लावायच्या, मंच बांधायचा. मंचावर एक माणूस माइक घेऊन उभा असतो, त्याला नबतशी म्हणतात. पाहुणे पैसे देतात, आणि नबतशी देणाऱ्याचं नाव, त्याच्या गल्लीचं नाव, त्याच्या मित्रांची नावं गाण्याच्या मध्येच पुकारतो. ऐकताना मला तमाशातला दौलतजादा आठवला. गाणं थांबतं, नोट वर जाते, 'अमक्या पाटलांकडून' अशी घोषणा होते, पुन्हा ढोलकी. नेमका तोच प्रकार. डीजेंनी हळूहळू ढोल वाजवणारे आणि गायक बाजूला ठेवले, कारण ते परवडत नव्हते. मागे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा संगीताचा तुकडा लावला आणि नबतशीचं पुकारणं त्यावर बसवलं. पुकारता पुकारता यमकं जुळू लागली. सगळ्यात जुनी महरगानात म्हणजे असे लांबलचक सलामच आहेत: या गल्लीच्या पोरांना सलाम, त्या कॅफेवाल्याला सलाम.

म्हणजे ज्या लोकांची नावं कुठल्याही रेडिओवर, टीव्हीवर, वर्तमानपत्रात कधी येणार नव्हती, त्यांची नावं स्पीकरमधून गर्जत होती. माझ्या मते राजकारण इथे सुरू होतं, २०११च्या आधीच.

तांत्रिक बाजू सांगतो, कारण तुम्ही स्वतः ट्रॅक करता. पायाला बहुतेक वेळा मकसूम हा ठेका असतो. आपल्या केरव्यासारखा तोही आठचा: दुम तक, एक रिकामी, तक दुम, एक रिकामी, तक, एक रिकामी. तोंडानं चार वेळा म्हणून बघा, पाचव्या वेळी खांदे आपोआप हलतील. तिथे हातानं वाजवायच्या पेल्याच्या आकाराच्या ढोलाला 'तबला' म्हणतात, हे ऐकून आपल्याकडचे लोक गोंधळतात. दुमच्या जागी डीजे लोक किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका बसवतात, तकच्या जागी टाळी किंवा तबल्याचा रेकॉर्ड केलेला ठोका. वर कीबोर्डमधून मिझमारचा आवाज. मिझमार हे सनईच्या जातीचं वाद्य, आणि लग्नातही त्याचं स्थान सनईचंच. मध्येच बायकांच्या जिभेच्या लकेरी, सायरन, शिट्ट्या.

आणि ऑटोट्यून. हे सॉफ्टवेअर १९९७चं. ते बनवणाऱ्या अँडी हिल्डेब्रँड यांनी आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीतल्या ध्वनिलहरींच्या विश्लेषणावर काम केलं होतं. ऑटोट्यूनचा मूळ उद्देश बेसूर गायकाला हळूच सुरात आणणं. पण सूर दुरुस्त करायला लागणारा वेळ शून्यावर ठेवला की आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारतो, मधला रस्ता नाहीसा होतो. पाश्चात्त्य बारा सुरांच्या पट्टीसाठी ते बरं चालतं. अरबी मकामांत, म्हणजे आपल्या रागांसारख्या तिथल्या स्वररचनांत मात्र मधल्या पाव सुरांच्या जागा असतात. गायक त्या जागेवर जायला बघतो आणि यंत्र त्याला खाली किंवा वर ओढतं. ती ओढाताण ऐकू येते. आपल्याकडे मींड घेणाऱ्या गायकावर ऑटोट्यून लावला की अशीच थरथर येते आणि आम्ही ती पुसायला तासन् तास घालवतो. कैरोच्या पोरांनी ती तशीच ठेवली, उलट वाढवली. त्यामुळे गल्लीतल्या सिगारेटनं घोगऱ्या झालेल्या आवाजाला एक धातूची धार आली. माझ्या कानाला ती फार भिडते, आजही.

शिवाय सगळं फाटलेलं. स्पीकर फाटतात, माइक फाटतो, आणि एमपी३ दहा फोनमधून फिरून आल्यावर फाईल स्वतःच फाटलेली असते. व्यावसायिक ध्वनिमिश्रक म्हणून मला हे दुरुस्त करावंसं वाटायला हवं होतं. मी एकदा हौसेनं तसं केलंही, एका महरगानचा खालचा बेस साफ केला, वरचा कर्कशपणा कमी केला. स्टुडिओत छान वाजलं. मग तेच मित्राच्या रिक्षात लावलं तर काहीच ऐकू येईना. ती गाणी छोट्या स्पीकरसाठी, गाड्यांच्या हॉर्नवर मात करण्यासाठी मधल्या पट्ट्यात ठासून भरलेली असतात. त्यांची जागा रस्ता आहे, आणि त्यांचा आवाज त्या जागेला बेतून आहे.

पसरण्याचा मार्गही रस्त्याचाच. नेट कॅफेतून पेनड्राइव्हवर, फोनच्या मेमरी कार्डवर, मिनीबस आणि टुकटुकच्या प्लेअरमध्ये. कंपनी नाही, रेडिओ नाही, परवानगीही नाही.

आता २०११. इजिप्तमध्ये १९८१पासून आणीबाणीचा कायदा सलग लागू होता आणि होस्नी मुबारक जवळपास तीस वर्षं सत्तेवर होते. २५ जानेवारीला निदर्शनं सुरू झाली, २८ तारखेला देशभराचं इंटरनेट बंद होतं, त्याच संध्याकाळी पोलीस रस्त्यांवरून गायब झाले. वस्त्यांनी स्वतःच्या समित्या करून रात्री गल्ल्यांचे पहारे दिले. ११ फेब्रुवारीला मुबारक गेले. या अठरा दिवसांचं गाणं कुठलं, असं विचाराल तर ते गिटारवरचं. मन्सुरा गावचे रामी इसाम कैरोच्या मध्यावरच्या तहरीर चौकात उभे राहिले, लोकांच्या घोषणा जशा कानावर आल्या तशा एकत्र बांधल्या आणि 'चालते व्हा' असं मुबारकांना गाऊन सांगितलं. हजारोंनी त्यांच्याबरोबर गायलं. ९ मार्चला लष्करानं चौक रिकामा करताना त्यांना पकडलं आणि इजिप्शियन म्युझियमच्या आवारात त्यांचा छळ केला. पुढे २०१४मध्ये ते स्वीडनला गेले.

आपण महाराष्ट्रातले लोक या प्रकारचं संगीत लगेच ओळखतो, कारण आपली मोजपट्टी शाहिरीची आहे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचा लाल बावटा, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, वामनदादा कर्डकांची भीमगीतं. आपल्याकडे चळवळीचं गाणं म्हणजे शब्दांचं गाणं. शब्द कळले पाहिजेत, सभेतल्या शेवटच्या माणसाला कळले पाहिजेत. म्हणून तुम्ही महरगानातचे शब्द काढून वाचलेत. तुमची पद्धत चुकीची नव्हती. ती दुसऱ्या प्रकारच्या संगीतासाठी आहे.

आता त्या मोबाइल बॅलन्सकडे या. तहरीरची मुख्य घोषणा होती 'अश-शअब युरीद इस्कात अन-निझाम'. शब्दशः, 'लोकांना निझाम पाडायचा आहे'. निझाम म्हणजे व्यवस्था, राजवट. आपला हैदराबादचा निजाम तोच शब्द. क्रांतीनंतर सलाम सिटीच्या सादात आणि फिफ्टीनं तीच घोषणा, तोच ठेका उचलला आणि गायले की लोकांना पाच पाउंडांचा बॅलन्स हवा आहे. वरकरणी थट्टा. पण ऐकणाऱ्याच्या जागी जाऊन बघा. चौकात जमलेले सुशिक्षित लोक 'शअब'च्या, म्हणजे जनतेच्या नावानं बोलत होते. हा तर शअबच बोलतोय, आणि सांगतोय की राजवट पडली तरी माझ्या फोनमध्ये पैसे नाहीत. क्रांतीच्या विरोधातलं म्हणून हे ऐकू नका. घोषणेत 'लोक' हा शब्द आहे, त्या लोकांत मी कुठे आहे, असा तो प्रश्न आहे. तुम्हाला त्या गाण्यात राजकारण दिसलं नाही, मला ते रामी इसामांच्या गाण्याइतकंच दिसतं, फक्त तिरकं.

दुसरी गोष्ट घडली ती शब्दांबाहेर. पोलिसांची रस्त्यावरची पकड ढिली झाली. ज्या गल्लीत वरात लावायला शिपायाला काहीतरी द्यावं लागायचं, तिथे स्पीकर मोकळे झाले. ही जागा मिळणं फार मोठी गोष्ट असते. आमच्या धंद्यातला कुणीही सांगेल की रात्री दहाला स्पीकर बंद होणार की बारापर्यंत चालणार, यावर संगीताचा आकार ठरतो. गाणं किती लांब, चढ कधी आणायचा, शेवट कसा करायचा, सगळं. पुढच्या दोन-तीन वर्षांत महरगानात वस्तीबाहेर पडलं. जाहिरातींत गेलं, सिनेमात गेलं, श्रीमंतांच्या लग्नांत गेलं. इस्लाम चिप्सी नावाचे कीबोर्डवादक पंजे आणि मुठी आपटून सुरांचे पुंजके काढतात, सोबत दोन ड्रमवाले. लग्नातल्या कीबोर्डवाल्याची ती कला युरोपातल्या महोत्सवांत पोचली. त्यांचं २०१४चं थेट ध्वनिमुद्रण जरूर ऐका. आपल्याकडच्या बेंजो पार्टीतल्या एखाद्या पोराला वीज लागली तर जे होईल ते.

वस्तीतल्या पोरांना शहराच्या मध्यभागी आणण्यात महमूद रिफअत यांच्या '१०० कॉपीज' या छोट्या लेबलचा मोठा वाटा आहे. आणि कैरोच्या मध्यभागी एक वेगळं, सुशिक्षितांचं इलेक्ट्रॉनिक वर्तुळही होतंच. 'व्हेंट' नावाचा क्लब काही काळ चालला. त्याच्या संस्थापकांपैकी झूली या नावानं संगीत करणारे अहमद अल गझोली यांचं काम जगभर ऐकलं जातं. तुटकी, कठीण, कुठल्याही लग्नात न वाजणारी बीट. ते ऐकून परदेशी समीक्षक लगेच तहरीर, अश्रुधूर, क्रांती शोधू लागतात. मला हे चुकीचं आणि थोडं अपमानास्पद वाटतं. लंडनच्या माणसानं विचित्र आवाज काढला तर तो प्रयोग, आणि कैरोच्या माणसानं काढला तर ती देशाच्या परिस्थितीची बातमी? प्रयोगाचा हक्क कैरोलाही आहे, आणि जुना आहे. १९४४मध्ये कैरोत हलीम अल-दब्ब या तरुणानं तारेवर आवाज टिपणारं यंत्र मिळवलं आणि बायकांच्या 'झार' विधीतलं गाणं टिपलं. झार म्हणजे अंगात येणं आणि ते शांत करणं. मग रेडिओ स्टुडिओत प्रतिध्वनी वापरून, मूळ सूर काढून टाकून, फक्त वरचे अनुनाद ठेवून त्यानं एक नवीच रचना केली. पॅरिसमध्ये पियरे शेफर यांचे असे प्रयोग सुरू झाले ते १९४८मध्ये, म्हणजे चार वर्षांनी. देवीच्या जागरणात संबळ ऐकत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट ऐकून काय वाटतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. तुम्ही नाशिकचे आहात, सप्तशृंगी गडावर कधी रात्र काढली असेल तर तुम्हाला समजेल.

तर २०११ ते २०१३ हा झाकण निघालेला काळ. मग झाकण परत बसू लागलं. जुलै २०१३मध्ये लष्करानं राष्ट्राध्यक्ष मुहम्मद मुर्सींना हटवलं. १४ ऑगस्टला कैरोतल्या रबाच्या चौकात धरणं धरलेले शेकडो मुर्सीसमर्थक मारले गेले आणि त्याच दिवशी रात्रीची संचारबंदी आली, ती नोव्हेंबरपर्यंत चालली. रात्रीच्या धंद्यासाठी तीन महिन्यांची संचारबंदी म्हणजे काय, ते कोरोनाच्या काळात आपल्या मंडपवाल्यांनी आणि साउंडवाल्यांनी भोगलं आहे. नोव्हेंबरात निदर्शनांविरुद्धचा कडक कायदा आला.

इथे तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा येतो. संगीतावर बंधन आलं ते राजद्रोहाच्या आरोपातून क्वचित, परवान्याच्या कागदातून जास्त. इजिप्तमध्ये जाहीर कार्यक्रम करायला वादक-गायकांच्या सिंडिकेटचं, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघाचं सदस्यत्व किंवा परवानगी लागते. जुनी, वजनदार संस्था आहे. एके काळी प्रख्यात गायिका उम्म कुलसूम तिच्या अध्यक्ष होत्या. २०१५ ते २०२२ तिथे गायक हानी शाकिर अध्यक्ष होते. सप्टेंबर २०१७मध्ये लेबनॉनच्या 'मशरू लैला' या पर्यायी बँडच्या कैरोतल्या कार्यक्रमात प्रेक्षकांनी समलिंगींच्या हक्कांचा इंद्रधनुषी झेंडा फडकवला. त्यानंतर कित्येकांना अटक झाली आणि सिंडिकेटनं बँडला बंदी घातली. १४ फेब्रुवारी २०२०ला कैरो स्टेडियमवर मोठा कार्यक्रम झाला, तिथे हसन शाकूश आणि उमर कमाल यांनी शेजारच्या मुलीचं ते गाणं गायलं. त्यात 'दारू आणि हशीश' असे शब्द होते. दोनच दिवसांत सिंडिकेटनं सगळ्या महरगानात गायकांना जाहीर कार्यक्रमांची बंदी केली आणि हॉटेलं, नाइल नदीवरच्या बोटी, क्लब यांना त्यांच्याबरोबर काम करू नका म्हणून बजावलं. नोव्हेंबर २०२१मध्ये १९ गायकांची नावं जाहीर करून त्यांच्यावर पुन्हा बंदी आली. मार्च २०२२मध्ये एका न्यायालयानं उमर कमाल आणि हमो बीका यांना एका नाचाच्या व्हिडिओवरून 'कौटुंबिक मूल्यांचा भंग' म्हणून एक वर्षाची शिक्षा आणि दंड सुनावला. नोव्हेंबर २०२१मध्येच सरकारनं टुकटुकच्या मुख्य भागांची आयातही थांबवली. या दोन निर्णयांचा संबंध होता असं मी म्हणणार नाही, पण दोन्हीमागे शहर कसं दिसावं आणि कसं ऐकू यावं याची एकच कल्पना मला दिसते.

आपल्याकडे हे नवीन नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर बंदी घातली होती, आणि ती उठवताना तमाशाला 'सुधारून' घेतलं. ज्यांच्या पोटावर पाय आला त्या कलावंतांत बहुतेक महार, मांग, कोल्हाटी होते. शब्दांत राजकारण असो वा नसो, कुणाचा आवाज जाहीरपणे किती मोठा असावा यावर कुणाची तरी सही लागते. महरगानात ती सही न घेता मोठं झालं, म्हणून ते खुपलं. 'अश्लील', 'बेसूर', 'अडाणी' हे शब्द त्या पोरांबद्दल मी कैरोत मध्यमवर्गीय घरांत ऐकले. पुण्यात हळदीच्या डीजेबद्दल ऐकतो तेच.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं पूर्ण उत्तर असं. अस्थिरता संगीत जन्माला घालत नाही. यंत्र स्वस्त होणं, गाणं पसरायला बाजूची वाट मिळणं आणि ते वाजवायला जागा मिळणं, या तीन गोष्टी ते जन्माला घालतात. राजकीय उलथापालथीत तिसरी गोष्ट, जागा, अचानक मिळते आणि तशीच अचानक जाते. कुठल्याही देशाचं उदाहरण वाचाल तेव्हा गाण्याचे शब्द शोधण्याआधी एवढं शोधा की तो स्पीकर कुणाच्या परवानगीनं लागला होता.

आता घोषणांचं. तुम्ही मोर्च्यात केलेलं रेकॉर्डिंग ट्रॅकमध्ये वापरू नका, निदान आहे तसं नको.

मी हे केलं आहे. काही वर्षांपूर्वी एका कामगार मोर्च्यात मी फोनवर घोषणा टिपल्या. एक बाई घोषणा देत होत्या, त्यांचा आवाज असा काही होता की स्टुडिओत लावला आणि अंगावर काटा आला. त्यांचं वाक्य मी कापलं, लूप केलं, खाली हलगी घातली. ट्रॅक चांगला झाला, लोकांना आवडला, फोनांवरून फिरला. दोन महिन्यांनी त्या बाईंच्या ओळखीतून मला कळलं की त्या जिथे कामाला होत्या तिथल्या कंत्राटदारानं तो ऐकला, आवाज ओळखला आणि पुढच्या महिन्यापासून त्यांना कामावर बोलावलं नाही. मी जाऊन भेटलो. त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. 'तुला काय माहीत, बाळा' म्हणाल्या, चहा केला. मला माहीत असायला हवं होतं. ट्रॅक मी सगळीकडून काढला, पण लोकांच्या फोनमध्ये गेलेला आवाज परत येत नाही.

माणसाचा आवाज पिच, म्हणजे सुराची उंची बदलून लपत नाही. पिच उलटं फिरवता येतं. आणि फिरवलं नाही तरी बोलण्याची लकब, कुठे श्वास घेतला, कुठला शब्द ओढला, यावरून ओळखीचा माणूस ओळखतो. फोनच्या रेकॉर्डिंगला तारीख, वेळ, कधी कधी ठिकाणही चिकटलेलं असतं. मागे स्टेशनची उद्घोषणा असेल तर जागाही कळते. इजिप्तचंच बघा. २०१८मध्ये रामी इसामांनी परदेशातून राष्ट्राध्यक्षांची टिंगल करणारं गाणं काढलं. ते सुरक्षित अंतरावर होते. त्याच्या व्हिडिओच्या संदर्भात मार्च २०१८मध्ये अटक झाली ती कैरोतल्या तरुण छायाचित्रकार-दिग्दर्शक शादी हबश यांना. खटल्याविना दोन वर्षांहून अधिक काळ ते तोरा तुरुंगात होते आणि मे २०२०मध्ये तिथेच वारले. संगीत ज्याच्या नावावर असतं त्यालाच किंमत मोजावी लागते असं नाही.

मग काय वापरायचं? घोषणेचा आकार वापरा. मोर्च्यातली घोषणा ही सवाल-जवाबाची रचना असते: एक आवाज चार मात्रा घेतो, गर्दी चार मात्रा परत देते, आणि गर्दीचा जवाब नेहमी किंचित उशिरा येतो कारण मागच्या रांगांपर्यंत आवाज पोचायला वेळ लागतो. तो उशीर मोजा. तुमच्या रेकॉर्डिंगवर मात्रांच्या रेघांची ग्रिड ठेवून बघा, लांब मोर्चा असेल तर जवाब पसरट दिसेल, एकाच ठोक्यावर बसणार नाही. तो पसरटपणा टाळ्यांना, हलगीला, सिंथला द्या. ऐकणाऱ्याच्या अंगाला गर्दी कळेल आणि कुणाचाही आवाज त्यात नसेल. सलाम सिटीच्या पोरांनी हेच केलं होतं, चौकातल्या घोषणेचा ठेका घेतला आणि शब्द स्वतःचे घातले.

आणि एखादा आवाज वापरायचाच असेल, त्याशिवाय ट्रॅक होतच नसेल, तर ज्याचा आवाज आहे त्याला शोधा, ट्रॅक पूर्ण झाल्यावर ऐकवा, आणि त्यांच्या घरच्यांसमोर विचारा. हो म्हणाले तर पुन्हा आठवड्यानं विचारा. नाशिकमध्ये हे अवघड नाही, मोर्च्याचे आयोजक तुम्हाला पोचवतील. तोपर्यंत ती मूळ फाईल कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, आणि फोनमधून काढून वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा.